मज्जारज्जूची इजा, लघवीची पिशवी आणि टेन्स मशीन : विषयाचा रिसर्च प्रश्न कसा होतो



पीएचडीच्या एंट्रन्सची तयारी करणारे, किंवा फिजिओथेरपी, नर्सिंग, बायोमेडिकलचं पीजी करताना प्रबंधाचा विषय शोधणारे बरेच जण एकाच जागी अडकतात. विषय सापडलेला असतो, प्रश्न सापडत नाही. आज एकच विषय घेऊन हा प्रवास शेवटपर्यंत करून बघू. विषय आहे मज्जारज्जूला म्हणजे स्पायनल कॉर्डला इजा झाल्यावर होणारा लघवीचा त्रास, आणि त्यावर विजेच्या हलक्या करंटने केलेला उपचार.

हा विषय घेण्याचं कारण साधं आहे. मी मूळचा परभणी जिल्ह्यातल्या पालमचा. आमच्याकडे कंबर दुखली की माणूस "मशीन लावून" येतो. ते मशीन बहुतेक वेळा टेन्स असतं : बॅटरीवर चालणारी छोटी डबी, दोन वायरी, दोन-चार चिकट पॅड. स्वस्त, हलकं, लाइट गेली तरी चालणारं. आणि गेली चाळीस वर्षं जगभरात काही संशोधक तसल्याच करंटने लघवीची पिशवी शांत करता येते का, हे तपासताहेत. मग मनात येतंच : पालमच्या पेशंटला घरच्या घरी याचा उपयोग होईल का?

प्रश्न चांगला आहे, पण तो अजून रिसर्च प्रश्न नाही. का नाही, ते समजायला आधी शरीराकडे जाऊ.

आधी सर्किट समजून घ्या

लघवीच्या पिशवीला दोनच कामं असतात, साठवणं आणि रिकामं होणं. पिशवीच्या भिंतीत एक स्नायू असतो, डेट्रुसर. खाली दार असतं, स्फिंक्टर. साठवताना डेट्रुसर सैल आणि दार घट्ट. रिकामं होताना डेट्रुसर आवळतो आणि त्याच वेळी दार सैल होतं. हा ताळमेळ मेंदूच्या खालच्या भागात, पॉन्समध्ये ठरतो. निरोप मज्जारज्जूतून खाली जातो आणि एस-२ ते एस-४ या सेक्रल भागातून बाहेर पडणारे चेतातंतू तो पिशवीपर्यंत पोचवतात.

इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. मणक्याचा नंबर आणि कॉर्डच्या भागाचा नंबर एक नसतो. मोठ्या माणसात मज्जारज्जू साधारण कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्यामुळे सेक्रल भाग खाली माकडहाडाजवळ नसतो. तो छातीचा शेवटचा आणि कंबरेचा पहिला मणका, म्हणजे टी-१२ आणि एल-१, यांच्या आसपास असतो. हे का महत्त्वाचं, ते आता बघा.

इजा कुठे झाली, यावर सगळं अवलंबून

भारतात मज्जारज्जूच्या इजेची दोन मोठी कारणं म्हणजे उंचावरून पडणं आणि रस्त्यावरचे अपघात. खेड्यात पडणं म्हणजे झाडावरून, विहिरीत, घराच्या माळवदावरून, बांधकामाच्या पराती वाहताना.

समजा इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या मणक्यात झाली. सेक्रल केंद्र शाबूत आहे, पण पॉन्सशी त्याचा संपर्क तुटला. सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिने, पिशवी गप्प असते. याला स्पायनल शॉक म्हणतात. लघवी तुंबते, नळी घालावी लागते. नंतर खालचं केंद्र जागं होतं आणि मेंदूला न विचारता स्वतःचं चालू करतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की एरवी शांत असणारे सी-फायबर नावाचे बारीक चेतातंतू या काळात नवा रिफ्लेक्स तयार करतात. पिशवी थोडी भरली तरी डेट्रुसर जोरात आवळतो. आणि पॉन्सचा ताळमेळ नसल्यामुळे दार नेमकं त्याच वेळी घट्ट होतं. याला डेट्रुसर-स्फिंक्टर डिससिनर्जिया म्हणतात. पंप सुरू करून कॉक बंद ठेवला तर पाइपाचं काय होईल, तसंच.

आता समजा इजा टी-१२ किंवा एल-१ मणक्यापाशी झाली. पायावर किंवा कुल्ल्यावर पडल्यावर मणका मोडण्याची ही नेहमीची जागा. इथे सेक्रल केंद्र स्वतःच चिरडलेलं असू शकतं. अशा वेळी पिशवी अतिक्रियाशील होत नाही, ती ढिली पडते. लघवी भरत राहते आणि काठोकाठ झाल्यावर ठिबकते.

दोन्ही पेशंट व्हीलचेअरवर दिसतील, दोघांचे नातेवाईक "लघवीवर ताबा नाही" असंच सांगतील. पण पहिल्याला आवळणं शांत करणारा उपचार हवा. दुसऱ्याकडे शांत करायला काही नाहीच. त्या दोघांना एका गटात टाकून सरासरी काढली तर उपचार चालतो की नाही, हे कुणालाच कळणार नाही. प्रबंधांत ही चूक वारंवार दिसते, कारण सिनॉप्सिसमध्ये "स्पायनल कॉर्ड इंज्युरीचे पेशंट" एवढंच लिहिलेलं असतं.

पणाला काय लागलंय? किडनी

कपडे ओले होणं, वास येणं, चारचौघांत लाज वाटणं, हे सगळं खरं आहे आणि मोठं आहे. पण न दिसणारा धोका त्याहून मोठा. पिशवीतला दाब सतत जास्त राहिला तर लघवी उलटी वर किडनीकडे सरकते किंवा वरून खाली उतरू शकत नाही. जंतुसंसर्ग होतो, किडनी हळूहळू निकामी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मज्जारज्जूची इजा झालेले बरेच पेशंट लघवीच्या संसर्गाने आणि किडनी निकामी होऊन जात.

हे बदलायला सुरुवात करणाऱ्यांत डॉ. लुडविग गुटमन होते. इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल इथे त्यांनी १९४४ मध्ये स्पायनल इजेचा विभाग सुरू केला. त्यांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या खेळांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं, ज्यात १९७२ साली हायडलबर्गला आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. १९६५ च्या युद्धात त्यांच्या मणक्यात गोळी लागली होती. गुटमन खेळांसाठी आठवले जातात, पण ठरावीक वेळाने नळी घालून पिशवी रिकामी करण्याच्या पद्धतीवरही त्यांचं मोठं काम आहे. १९७२ मध्येच अमेरिकेत लॅपिडिस यांनी दाखवलं की ही नळी निर्जंतुक वातावरणात नाही, नुसत्या स्वच्छ हातांनी पेशंट स्वतः घालू शकतो. यालाच सीआयसी म्हणतात. दिवसातून साधारण चार ते सहा वेळा, पिशवी फार ताणली जाण्याआधी. आजही मुख्य आधार हाच. करंटवरचं कुठलंही संशोधन याच्या जोडीला येतं, याच्या जागी येत नाही.

आता एक आकडा. वाचताना तुम्हाला "४० सेंटिमीटर पाण्याइतका दाब" ही धोक्याची रेषा सगळीकडे दिसेल. ती आली कुठून? एडवर्ड मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये जन्मतःच मज्जारज्जूचा दोष असलेल्या मुलांचा अभ्यास केला. ज्यांची लघवी ४० पेक्षा जास्त दाबावर गळायला लागायची, त्यांच्या किडन्यांना जास्त नुकसान दिसलं. म्हणजे आकडा मुलांवरून आला आणि आपण तो अपघातग्रस्त प्रौढांना लावतो. तो निरुपयोगी आहे असं मुळीच नाही, डॉक्टर तो वापरतातच. पण ४० च्या खाली म्हणजे सुरक्षित, असं तुमच्या निष्कर्षात लिहिताना त्याचा उगम माहीत असला पाहिजे. प्रत्येक कट-ऑफला एक गाव असतं. ते शोधायची सवय लावून घ्या.

करंटची तीन वेगवेगळी कामं

"इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन" हा एकच शब्द तीन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

पहिलं काम, पिशवी रिकामी करणं. लंडनचे जाइल्स ब्रिंडली यांनी १९७० च्या दशकात सेक्रल मुळांवर बसवायचं यंत्र विकसित केलं. बाहेरून बटण दाबलं की पिशवी आवळते. अडचण अशी की त्याच मुळांतून दारालाही निरोप जातो, मग दोन्ही एकदम आवळणार. तोडगा फार सुंदर आहे. दाराचा स्नायू झटकन आवळतो आणि झटकन सुटतो, डेट्रुसर सावकाश आवळतो आणि सावकाश सुटतो. म्हणून करंट थोडा वेळ द्यायचा, थांबवायचा, पुन्हा द्यायचा. थांबलेल्या वेळात दार सैल होतं, पिशवी मात्र अजून आवळलेलीच असते, आणि लघवी टप्प्याटप्प्याने बाहेर येते. पण यासोबत बहुतेक वेळा मागची संवेदी मुळं कापतात, म्हणजे रिफ्लेक्स कायमचा जातो. पुरुषांमध्ये रिफ्लेक्सने येणारी ताठरताही त्याबरोबर जाते. हा निर्णय परत फिरवता येत नाही.

दुसरं काम, झालेली अतिक्रिया शांत करणं. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅनागो आणि श्मिट यांच्या कामातून सेक्रल न्यूरोमॉड्युलेशन आलं. सेक्रल मुळाशेजारी तार आणि त्वचेखाली पेसमेकरसारखी बॅटरी. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, पण ती मज्जारज्जूच्या इजेसाठी नव्हती, घाईची लघवी गळणाऱ्या इतर पेशंटसाठी होती.

तिसरं काम, बिघाड होण्याआधीच थांबवणं. जर्मनीतल्या सीव्हर्ट यांच्या गटाने २०१० मध्ये पूर्ण इजा झालेल्या १० जणांना पिशवी गप्प असतानाच दोन्ही बाजूंना असं यंत्र बसवलं. त्यांच्यात नंतरची अतिक्रिया आणि गळती टळली. तुलनेला ६ जण होते. पण ते ६ जण कोण? ज्यांनी यंत्र बसवायला नकार दिला ते. चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते. निकाल उत्साह वाढवणारा आहे, पुरावा म्हणून अजून कच्चा आहे. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि लिटरेचर रिव्ह्यूत दोन्ही लिहायची असतात.

मग घोट्याचा काय संबंध?

वरची यंत्रं महाग आहेत आणि ऑपरेशन लागतं. आपला मूळ प्रश्न टेन्सचा होता. घोट्याच्या आतल्या बाजूने टिबियल नर्व्ह जाते. तिची मुळं एल-४ ते एस-३ मध्ये आहेत, म्हणजे पिशवीच्या केंद्राशी तिचा शेजार आहे. पायाकडून गेलेला निरोप त्या केंद्रातला पिशवीचा रिफ्लेक्स दाबतो, अशी कल्पना. ४० च्या रेषेवाल्या मॅकग्वायर यांनीच १९८३ मध्ये त्वचेवरून टिबियल स्टिम्युलेशनचे निकाल मांडले. पुढे मार्शल स्टोलर यांनी बारीक सुईची पद्धत आणली : आठवड्यातून एकदा ३० मिनिटं, १२ आठवडे. सुईऐवजी पॅड लावले की झालं टीटीएनएस.

एक पॅड आतल्या घोट्याच्या मागे, दुसरा त्याच्या काही सेंटिमीटर वर. अभ्यासांत साधारण १० ते २० हर्ट्झ आणि २०० मायक्रोसेकंद ही सेटिंग्ज दिसतात. करंट वाढवत नेला की पायाचा अंगठा वाकतो, यावरून पॅड योग्य जागी आहे हे कळतं. पायाला संवेदना नसलेल्या पेशंटमध्ये ही खूण फारच उपयोगी.

आकडे वाचताना : खोट्या उपचाराचा गट बघा

२०१० च्या सुमिट ट्रायलमध्ये अतिक्रियाशील पिशवीचे २२० पेशंट होते. सुईच्या खऱ्या उपचाराने ५४.५ टक्के लोकांनी चांगला फरक सांगितला. खोट्या उपचाराने? २०.९ टक्के. म्हणजे नुसतं येऊन बसणं, कुणीतरी लक्ष देणं, एवढ्यानेही पाचातल्या एकाला बरं वाटलं. तुलनेचा गट नसलेला प्रबंध हा पाचवा माणूस आपल्या खात्यावर जमा करतो.

२०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका ट्रायलमध्ये चेतासंस्थेच्या आजारामुळे लघवीचा त्रास असलेल्यांना सेक्रल यंत्र बसवून निम्म्यांचं चालू आणि निम्म्यांचं बंद ठेवलं. चालू गटात ७६ टक्के यश, बंद गटात ४२ टक्के. फरक आहेच. पण चिठ्ठीत फक्त तेच लोक होते ज्यांची आधीची चाचणी यशस्वी झाली होती. म्हणून ७६ टक्के हा आकडा सरसकट सगळ्या पेशंटना लावता येत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं : सुमिटचे पेशंट मज्जारज्जूच्या इजेचे नव्हते. त्यांना घाई जाणवत होती. पूर्ण इजा झालेल्या माणसाला लघवीची घाई जाणवतच नाही. "घाई कमी झाली का?" हा प्रश्नच त्याच्यासाठी फोल आहे.

पालमसाठी प्रश्न घडवू या

आता "टेन्सने फरक पडतो का?" या वाक्याचे तुकडे करू.

*कुणाला?* सेक्रल केंद्र शाबूत आणि इजा त्याच्या वर असलेल्यांना. कसं ठरवणार? एक्स-रेवरच्या मणक्याच्या नंबरावर भागत नाही. आंतरराष्ट्रीय पद्धतीची न्यूरॉलॉजिकल तपासणी, सेक्रल रिफ्लेक्स, आणि शक्य असेल तिथे युरोडायनॅमिक तपासणी.

*कधी?* पहिल्या काही आठवड्यांत देणार असाल तर तुम्ही प्रतिबंध तपासताय. दोन वर्षांनी देणार असाल तर उपचार. ही दोन वेगळी संशोधनं आहेत. पालममध्ये पेशंट भेटेल तो बहुधा मोठ्या दवाखान्यातून घरी आल्यावर. मग पहिल्या प्रकारासाठी पेशंट नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुण्याच्या वॉर्डातच नोंदवावे लागतील. जागा प्रश्न बदलते, तो असा.

*कशाशी तुलना?* दोन्ही गटांत सीआयसी आणि चालू गोळ्या तशाच. एका गटाला खरा करंट, दुसऱ्याला खोटा. गंमत बघा : पूर्ण इजेच्या पेशंटला करंट जाणवत नाही, म्हणजे त्याला गट कळणार नाही, असं वाटतं. पण अंगठा हललेला त्याला आणि घरच्यांना दिसतो! यावर उपाय आधीच ठरवा. उदाहरणार्थ, दोन्ही गटांत सुरुवातीला अंगठा हलेपर्यंत जाऊन मग खऱ्या गटात करंट त्याच्या जरा खाली आणायचा, खोट्या गटात बंद करायचा.

*काय मोजणार?* इथे खरी कसोटी आहे. लघवीची डायरी घरी ठेवता येते : किती वाजता नळी घातली, किती मिली निघाली, मधे किती वेळा कपडे ओले झाले. मापाचा प्लास्टिक मग पुरतो. पण गळती कमी झाली म्हणजे दाब कमी झाला, असं नाही. दार जास्त घट्ट झाल्यामुळेही गळती थांबू शकते, आणि तेव्हा पिशवीतला दाब वाढलेला असू शकतो. पेशंट खूश, किडनी धोक्यात. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी तरी दाबाची युरोडायनॅमिक तपासणी आणि किडनीची सोनोग्राफी हवीच. ही सोय तालुक्याला नसते. त्या प्रवासाचा खर्च बजेटमध्ये धरा. पेशंट स्वतः करेल असं गृहीत धरलं तर सगळ्यात गरीब पेशंट आधी गळतील आणि निकाल वाकडा होईल.

*धोका काय?* इजा टी-६ किंवा त्याच्या वर असेल तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया होऊ शकतो. एकदम डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, घाम, आणि बीपी झपाट्याने वर. करंट लगेच बंद करायचा, पेशंटला बसतं करायचं, पिशवी तुंबली आहे का किंवा नळी अडकली आहे का ते बघायचं, बीपी उतरत नसेल तर तातडीने दवाखाना. म्हणून पहिली सेशन्स बीपी मोजत, दवाखान्यातच. शिवाय बधिर त्वचेवर पॅडखाली भाजलं तरी कळत नाही, रोज त्वचा बघणं आलं. पेसमेकर असलेले आणि गरोदर महिला यांना सहसा वगळतात.

प्रश्नावली मराठीत आणताना

प्रश्नावलीचा मराठी अनुवाद वापरणार असाल तर तो अधिकृतपणे तपासलेला आहे का, हे आधी बघा. नसेल तर अनुवाद, उलट अनुवाद आणि पेशंटसोबत चाचणी, हे सगळं करावं लागतं. "मूत्र असंयम" हा शब्द कागदावर शोभतो, पालमच्या घरात कुणी तो बोलत नाही. तिथे "कळायच्या आत कपडे ओले होतात का?" असं विचारलं तरच उत्तर मिळेल. आणि विचारणार कुणाच्या समोर? सून सासऱ्यांसमोर याचं उत्तर देणार नाही. मुलाखत एकांतात, शक्यतो महिलेला महिलेनेच विचारून, हे मेथडॉलॉजीतच लिहा.

परवानग्यांचं थोडक्यात : आधी एथिक्स कमिटी, मग पहिला पेशंट घेण्यापूर्वी सीटीआरआयवर नोंदणी. २०१८ पासून तिथे ट्रायल सुरू झाल्यावर नोंदणी होत नाही. संमतीपत्रात एक वाक्य ठळक असू द्या : या मशीनमुळे फरक वाटला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नळी घालणं किंवा गोळ्या बंद करू नयेत. अभ्यास करायला गेलो आणि त्यामुळे कुणाची सीआयसी सुटली, असं व्हायला नको.

आता तुमची पाळी

आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचं नवं रूप असं होतं : "सेक्रल केंद्राच्या वर इजा झालेल्या, सीआयसीवर असलेल्या प्रौढांमध्ये, घरी दिलेल्या १२ आठवड्यांच्या टीटीएनएसमुळे, खोट्या उपचाराच्या तुलनेत, पिशवीतला कमाल दाब कमी होतो का?" वाक्य लांब झालं, पण आता त्याचं उत्तर हो किंवा नाही येऊ शकतं, आणि दोन्ही उत्तरं कामाची आहेत. "नाही" आलं तर पालमच्या पेशंटचा मशीनवरचा खर्च वाचेल.

तुमचा स्वतःचा विषय घ्या. कुणाला, कधी, काय, कशाच्या तुलनेत, काय मोजून, असे पाच रकाने वहीत आखा आणि भरा. बहुतेकांचा पाचवा रकाना सगळ्यात शेवटी आणि घाईत भरला जातो. तो पहिल्यांदा भरून बघा. बाकीचे चार कसे बदलतात ते लक्षात येईल.